युरोपच्या गाडीचे थांबे

अर्जुनराव उमाळे यांच्या तोंडून उभ्या जन्मात एक शब्द कधी बाहेर पडला नाही, आणि तो शब्द म्हणजे 'नाही'. बाकी सगळं ते बोलत, आणि तेही माईकवर. जळगाव जामोदच्या बसस्टँडवर त्यांनी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली. जाळीच्या खिडकीमागे बसायचं, गाड्यांच्या वेळा रजिस्टरात मांडायच्या आणि 'आसलगाव, नांदुरा, मोताळा मार्गे बुलढाण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे' असं पुकारायचं. आवाज असा खणखणीत, की बाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करणाऱ्या बाईलाही कळे, आपली गाडी लागली.

त्या न उच्चारलेल्या शब्दाचा फायदा घेणारे गावात कमी नव्हते. ड्रायव्हरला सासुरवाडीकडची फेरी हवी, मिळाली. कोणाची ढेपेची पोती टपावरून पाठवायची, गेली. कोणाची म्हातारी नांदुऱ्याला रेल्वेत बसवून द्यायची, तर हे सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन बसवून देणार आणि वर तिला केळी घेऊन देणार. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात तर अर्जुनरावांनी, आणि त्याही तूप लावून. घरात मात्र त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई नळ गळतो म्हणून सांगून सांगून थकल्या आणि शेवटी नळाखाली बादली ठेवून मोकळ्या झाल्या. ती बादलीही पुढे कोणाच्या तरी लग्नात गेली.

घराच्या बैठकीत, देवाच्या तसबिरींच्या रांगेत, एक वर्तमानपत्राचं कात्रण काचेत बसवून टांगलेलं आहे. मथळा आहे, 'नियंत्रक असावा तर असा!' आल्यागेल्याला चहाबरोबर या कात्रणाची हकीकत मिळते. चहा एखादवेळी राहील, हकीकत राहत नाही.

हकीकत अठरा वर्षांपूर्वीची. भाऊबीज उलटलेली, पुण्याच्या गाडीला ही गर्दी. त्या गाडीत एकवीस, बावीस, तेवीस नंबरच्या जागा उमाळे कुटुंबाच्या होत्या. अर्जुनरावांनी नोकरीत पहिल्यांदाच सलग पाच दिवसांची रजा काढली होती, एसटीच्या पासावर बायको आणि अकरा वर्षांची काजल यांना घेऊन ते महाबळेश्वरला निघाले होते. पिशव्या वर ठेवून झाल्या होत्या. तेवढ्यात भागवत पाटील धावत आले. त्यांच्या अविनाशची दुसऱ्या दिवशी पुण्यात मुलाखत होती आणि गाडीत तर मुंगी शिरायला जागा नव्हती. अर्जुनराव गाडीत चढले, बायकोला आणि लेकीला म्हणाले, "उतरा. आपलं काय, आपण उद्या जाऊ." मुलाखत एकट्या अविनाशची होती, जागा तीन लागल्या, कारण बाप सोबत हवा आणि आईनं पुणं पाहिलेलं नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनीही ते पाहिलेलं नव्हतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही. गर्दीचे फोटो काढायला आलेल्या राजकुमारनं, तो तेव्हा पेपरला बातम्या पाठवत असे, गाडी हलली त्याच क्षणी अर्जुनरावांचा फोटो काढला. हात उंचावून ते गाडीला निरोप देत आहेत. रजेवर असल्याचं साहेबांच्या लक्षात होतं, पण गाडी तर चुकलीच आहे आणि गर्दीही आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी सातच्या ड्युटीला बोलावणं आलं, आणि अर्जुनराव काय म्हणाले असतील हे सांगायला नको. ते 'उद्या' अजून उजाडलेलं नाही.

अर्जुनराव निवृत्त होऊन चार वर्षं झाली. काजल पुण्यात एका कंपनीत लागली, एकोणतीस वर्षांची झाली, तिनं आपल्या पसंतीनं मुलगा पाहिला आणि डिसेंबरची तारीखही ठरली. संक्रांतीला तिचा फोन आला.

"बाबा, लग्नाआधी मले तुमच्यासोबत एकदा प्रवासाले जायचं आहे. तुम्ही, आई आणि मी. युरोपले. चौदा दिवस, मे महिन्यात. तीन वर्षांपासून त्याच्यासाठी पैसे बाजूले टाकून राह्यली मी. तुम्ही फक्त बसायचं."

अर्जुनराव अर्थातच हो म्हणाले. त्यांना दुसरं येत नव्हतं.

पासपोर्ट झाले, व्हिसाही झाला. काजलनं मोबाइलवर मार्ग पाठवला: आम्सटरडॅम, पॅरिस, झुरिक, रोम. अर्जुनरावांनी कपाटातून कोरं रजिस्टर काढलं, पट्टी घेऊन रकाने पाडले, वर 'फेरी: युरोप (जादा)' असं लिहिलं आणि सगळं उतरवून काढलं. उतरवताना त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं.

"चारच थांबे?" ते अन्नपूर्णाबाईंना म्हणाले. "एवढ्या लांबच्या पल्ल्याले चार थांबे? हे काय नियोजन झालं? इथून नांदुऱ्यापर्यंत मी याच्याहून जास्त थांबे देत होतो."

"तिले जितकं पाहायचं तितकं पाहू द्या ना," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्या तूर निवडत होत्या.

"आन हे पाहा. झुरिक, मुख्य स्टेशन. बाकावर बसून गाड्या बघणे, बाबा आणि मी, दोन तास." ते मोठ्यानं हसले. "मी एकतीस वर्षं बाकावर बसून गाड्याच पाह्यल्या. आता इमानात बसून जाऊन अजून दोन तास पाहू?"

स्वित्झर्लंडात गाड्या मिनिटाला काय, सेकंदाला सुटतात, हे काजलला लहानपणी भाकरीच्या प्रत्येक घासागणिक सांगणारा माणूस हाच. डोळे मोठे करून सांगायचे, तिथं कोणी पुकारतही नाही, घड्याळच पुकारतं. काजलच्या ते लक्षात राहिलं होतं. यांच्या लक्षात नव्हतं, कारण या माणसाला दुसऱ्यांच्या गरजा तेवढ्या पाठ, स्वतःची हौस मात्र कुठे ठेवली ते आठवत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते शेजारच्या कलाबाईंच्या कानावर गेल्यापासून.

कलाबाईंची अर्पिता लग्न होऊन आयंडहोवनला गेलेली, आणि आता तिला सातवा महिना. कलाबाई पदर सावरत आल्या. "अर्जुनभाऊ, तुम्ही तिकडेच चालले म्हणे. थोडे डिंकाचे लाडू नेजा. बाकी काही नाई." थोडे लाडू म्हणजे चार किलो निघाले. त्याबरोबर बाळंतशोपा, दोन गोधड्या, झबली, आणि तिथं धुरीला ओवाही मिळत नसेल म्हणून ओवा. बरं, दारात सामान ठेवून का यायचं? पोरीनं दोन दिवस ठेवून घेतल्याशिवाय सोडलं तर लोक काय म्हणतील? अर्जुनरावांनी रजिस्टरात थांबा वाढवला: आयंडहोवन, मुक्काम दोन.

आपल्याकडे प्रवासाचा एक कायदा आहे आणि तो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही. ज्या गावात आपला माणूस असतो ते गाव टाळता येत नाही, आणि ज्या गावात आपलं कोणीच नाही तिथं उतरण्याचं कारण नाही. जायचं ते भेटायला. पाहायला जायचं ही शहरी थेरं. त्यातून एकाच्या घरी जेवलात आणि दुसऱ्याकडे चहाही घेतला नाही, तर तो रुसवा पुढच्या तीन लग्नांत निघतो. हा कायदा कोणी युरोप डोळ्यासमोर ठेवून केलेला नव्हता. अर्जुनरावांनी तो युरोपला जसाच्या तसा लावला.

कलाबाईंचे लाडू घेतल्याचं भागवत पाटलांना संध्याकाळच्या आत कळलं. ते आले तेच कात्रणासमोर हात जोडून. "तुमचे उपकार जन्मभर फिटत नाईत, अर्जुनराव. त्या दिवशी जागा भेटली म्हणून अविनाश आज जर्मनीत हाय. आता त्याचं घर पाहून येजा. वोल्फ्सबुर्ग. तुम्ही नाई गेले तं त्याले किती वाईट वाटन!"

उपकार फेडण्याची ही रीतही आमच्याकडेच. एकदा उपकार केलेल्या माणसाकडून दुसरा करून घेतला, की पहिला फिटतो.

"तिथं पाहासारखं काय हाय?" अर्जुनरावांनी चौकशी म्हणून विचारलं.

"अविनाशचं घर हाय ना," पाटील म्हणाले. "आन कंपनी हाय. गेटापासून दिसते. हे थोडं कळण्याचं पीठ, बिबडे, कुरडया, आन सूनबाईनं मागेल लहान पाटा-वरवंटा. लहानच हाय. मिक्सरातल्या ठेच्याले चव नाई म्हणते ती."

पाटा दोन माणसांनी उचलून ओसरीवर ठेवला. अर्जुनरावांनी लिहिलं: वोल्फ्सबुर्ग, मुक्काम तीन.

मग काय, रस्ता पडला. कोणाचा भाचा प्रागला, कोणाच्या नणंदेची सून गोथेनबर्गला, कोणाचा जावई लक्झेंबर्गला आणि तो सहा महिन्यांपासून फोन उचलत नाही म्हणून जरा समक्ष बोलून यायचं. अर्जुनराव जुन्या दिवसांसारखे खुलले. शाळेच्या दुकानातून युरोपचा नकाशा आणला, भिंतीवर लावला, पट्टीनं रेघा मारल्या. आसलगावच्या फाट्यावर माणसानं हात दाखवला की त्यांची गाडी थांबलीच पाहिजे, हा त्यांचा धर्म होता, आणि आता अख्खा तालुका हात दाखवून उभा होता. थांबे नऊ झाले. दिवस काही चौदाचे पंधरा होईनात. तेव्हा जिथं ओळखीचं कोणी नव्हतं ते गाळणं आलं. पॅरिसवर काट मारताना त्यांना काही वाटलं नाही. रोम गेलं. झुरिकपाशी पेन एक क्षण थांबलं, पण स्वित्झर्लंडात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. त्यांनी तीही ओळ खोडली, बाकासकट.

सुधारित वेळापत्रकाचा फोटो काढून त्यांनी काजलला पाठवला आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

शाबासकी दुपारी आली. काजलचा आवाज अगदी शांत होता आणि अन्नपूर्णाबाईंनी तो ऐकून हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"बाबा, यात आपण कुठे आहोत?"

"काऊन? सगळीकडे आपणच तं हावो, बेटा."

"हे पार्सल पोहोचवायचं काम आहे, बाबा. अविनाशदादाच्या घरी तीन दिवस, आणि झुरिक नाही."

"तिथं आपलं कोनी नाई."

"मी असणार होती ना तिथं," काजल म्हणाली. "वीस तारखेपर्यंत हॉटेलं अन् तिकिटं रद्द करता येतात. तोवर विचार करा. असंच जायचं असलं तर मी सगळं रद्द करते. मी रागावली नाही. तुमचा स्वभाव मले माहीत आहे. पण मी आता अकरा वर्षांची नाही, उतर म्हटलं की उतरायले."

फोन ठेवल्यावर अर्जुनराव कितीतरी वेळ मोबाइलकडे पाहत राहिले. "अकरा वर्षांची कायले म्हणे हे?" त्यांनी बायकोला विचारलं. अन्नपूर्णाबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा भिंतीवरच्या कात्रणाकडे पाहिलं आणि पोळी लाटायला घेतली.

त्यांना खरोखर कळलं नव्हतं. ढोंग असतं तर परवडलं असतं. लेक रुसली आहे, चार दिवसांत निवळेल, असं त्यांनी मनाशी धरलं. पण त्या चार दिवसांत काजलचा फोन आला नाही, आणि एरवी रोज येणारा फोन आला नाही की घर कसं रिकामं वाटतं ते त्यांना पहिल्यांदा कळलं. ते उठत, नकाशासमोर जाऊन उभे राहत, परत येऊन बसत. ओसरीवर पाट्याला ठेच लागली तेव्हा त्यांनी भागवत पाटलांना मनातल्या मनात एक शिवी दिली आणि लगेच स्वतःच दचकले.

तिकडे गावानं त्यांच्या सत्काराचा घाट घातला होता. युरोपला कोणी प्रथमच जात होतं अशातला भाग नव्हता. पण गावाचं सामान घेऊन जाणारा हा पहिलाच. एकोणीस तारखेला संध्याकाळी बसस्टँडसमोरच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ आणि चार भाषणं. शिवाय चौकात फ्लेक्स. फ्लेक्सशिवाय आमच्याकडे माणूस परदेशी तर जात नाहीच, पुष्कळदा वरही जात नाही. राजकुमारनं बातम्या पाठवणं सोडून आता फ्लेक्सचं दुकान टाकलं होतं. "भाऊ, तुमचा तो कात्रणवाला फोटो माह्याजवळ ओरिजनल हाय," तो म्हणाला होता, "तोच लावतो. गाव ओळखते तो फोटो."

एकोणीस तारखेच्या सकाळी अर्जुनराव दूध आणायला म्हणून निघाले ते चौकात येऊन थबकले.

फ्लेक्स वीस फूट लांब होता. उजव्या टोकाला विमान, आयफेल टॉवर (जो त्यांनीच गाळला होता), आणि मधोमध ते स्वतः, अठरा वर्षांनी तरुण, काळेभोर केस, हात उंचावलेला, चेहऱ्यावर समाधान. समोर पुण्याच्या गाडीचं मागचं टोक. इथपर्यंत फोटो त्यांना पाठ होता. पण डावीकडे फोटो संपत नव्हता.

डावीकडे फलाटावरचा बाक होता. बाकावर एक मुलगी बसली होती. अंगात हातानं विणलेलं लाल स्वेटर, भर दुपारी, गळ्यापर्यंत बटणं लावलेलं. पायात कोऱ्या सँडल, पाय जमिनीला टेकत नव्हते. मांडीवरची पिशवी तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. शेजारी खांबाआड कोणी बाई, तिचा फक्त बांगड्यांचा हात दिसत होता, मुलीच्या पाठीवर ठेवलेला. मुलगी गाडीकडे पाहत नव्हती. ती हात उंचावलेल्या माणसाकडे पाहत होती, आणि तो माणूस गाडीकडे. तिच्या पायांखालून मोठ्या अक्षरात 'शुभेच्छुक' सुरू होत होतं आणि पहिलाच चेहरा काळ्या गॉगलातल्या भागवत पाटलांचा होता.

"कसा वाटला?" राजकुमार दोरी आवळत शिडीवरून ओरडला. "पेपरवाल्यांनी तवा अर्धा कापला होता, भाऊ. हा फ्लेक्स पडला लांब, जागा उरून राह्यली होती, म्हणून पुरा टाकला. वहिनीचाही हात आला पाहा!"

अठरा वर्षं त्यांनी तो फोटो भिंतीवर पाहिला होता, आणि त्यात काय कापलं आहे हे विचारावंसं त्यांना कधी वाटलं नव्हतं. अर्जुनरावांना लाज वाटली. भर चौकात, वीस फूट लांब लाज. दूध न घेताच ते परत फिरले.

अन्नपूर्णाबाई अंगणात भांडी घासत होत्या. ते समोरच्या पायरीवर बसले.

"काजल त्या दिवशी रडली होती का व?"

कोणत्या दिवशी, असं अन्नपूर्णाबाईंनी विचारलं नाही. "नाई."

"मंग?"

"तुम्ही उद्या जाऊ म्हणले होते, तं तिनं घरी येऊनही स्वेटर काढलं नाई. घालूनच झोपली, सकाळी घालायले वेळ जाऊ नये म्हणून. सकाळी उठून पाह्यलं तं तुम्ही ड्युटीले गेलेले." त्यांनी तांब्या विसळून पालथा घातला. "मंग काढलं तिनं. पुढं कधी घातलं नाई. लहानही झालं."

"तू बोलली काऊन नाई मले?"

"बोलली ना. स्टँडवर आली होती बोलायले. तुम्ही माईकवर होते."

अर्जुनराव दिवसभर रजिस्टर पुढ्यात घेऊन बसले. दुपारी दोघं-तिघं आणखी पिशव्या घेऊन आले. अन्नपूर्णाबाईंनी दारातूनच ते आत आहेत, संध्याकाळी भेटतील, असं सांगून त्यांना वाटेला लावलं.

संध्याकाळी हॉल भरला. पहिल्या रांगेत, ज्यांचं सामान ओसरीवर गेलं होतं ते. मागे, ज्यांचं जायचं होतं ते. भागवत पाटील बोलायला उठले आणि बोलतच राहिले. त्या दिवशीच्या त्या तीन जागांची हकीकत त्यांनी गहिवरून सांगितली. "असा माणूस होने नाई! ज्यानं पोटच्या लेकीले उतरवून माह्या लेकराले जागा देल्ली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अन्नपूर्णाबाई बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग शाल आली, श्रीफळ आलं आणि माईक अर्जुनरावांच्या हातात आला. चार वर्षांनी. त्यांनी बोटानं दोनदा टिचकी मारली, फुंकर घातली, आणि तोच जुना आवाज निघाला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे."

लोक खूश झाले. कोणी शीळ घातली.

"आम्सटरडॅम, पॅरिस, झुरिक मार्गे रोमकडे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. ही गाडी जलद आहे. आयंडहोवन, वोल्फ्सबुर्ग, प्राग, गोथेनबर्ग, लक्झेंबर्ग आणि मधल्या कोणत्याही थांब्यावर ती थांबणार नाही. गाडीतल्या तिन्ही जागा भरलेल्या आहेत. ज्यांचे सामान ओसरीवर आहे, त्यांनी ते उद्या दुपारपर्यंत घेऊन जावे. एकदा सूचना दिल्यावर..." इथं त्यांनी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. "एकदा सूचना दिल्यावर तक्रार ऐकली जाणार नाही."

हॉल आधी हसला. मग हळूहळू हसायचा थांबला.

"आन आमचा पाटा?" भागवत पाटलांनी पहिल्या रांगेतून विचारलं.

"वरवंट्यासकट," अर्जुनराव म्हणाले.

सत्काराचा चहा कोणी नीट प्याला नाही. भागवत पाटील शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, की लेकीनं बापाले बिघडवलं, पुण्याची हवा वाईट. दुसरा म्हणाला, युरोपचं तिकीट हातात पडलं नाही तोच माणूस बदलला. त्या एका संध्याकाळी अर्जुनरावांच्या एकतीस वर्षांच्या पुण्याईवर बोळा फिरला. राजकुमारला तेवढा पेच पडला, फ्लेक्स ठेवायचा की काढायचा. शेवटी भागवत पाटलांनीच तो सकाळी कडबा झाकायला मागून नेला. कलाबाई मात्र गप्प उठून आल्या. त्यांना अन्नपूर्णाबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, "एक डबा लाडू माह्या पिशवीत ठेवा. अर्पिताच्या नवऱ्याले आम्सटरडॅमच्या हॉटेलावर येऊन न्या म्हणा. बाकीचं वापस." बाळंतिणीच्या तोंडचा घास काढणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, आणि मुक्काम दोन करणाऱ्यातल्याही.

घरी आल्यावर अर्जुनरावांनी शाल खुर्चीवर टाकली, चप्पल पायात तशीच ठेवली आणि काजलला फोन लावला. दुसऱ्या रिंगला तिनं उचलला.

"रद्द केलं का तू?"

"उद्याची तारीख आहे, बाबा."

"नको करू." गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या माणसाला पुढचं सांगायची सवय नव्हती. "चौकात फोटो लागला आहे. पूर्ण. तू हायेस त्याच्यात. स्वेटर घालून."

त्यांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"मी पाह्यलंच नव्हतं, बेटा. चुकलं माझं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. अन्नपूर्णाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. अर्जुनरावांनी रजिस्टर ओढून घेतलं, खोडलेल्या ओळीच्या वर, पट्टी न धरता, वाकड्या अक्षरात लिहायला सुरुवात केली, आणि लिहिता लिहिता वाचून दाखवू लागले. "झुरिक. मुख्य स्टेशन. बाकावर बसून गाड्या बघणे, बाबा, आई आणि काजल. दोन तास."

"दोन तास बसाल तुम्ही?" काजल रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "आणि तिथं कोणी जागा मागितली तर? कोणी म्हातारं माणूस, लेकरूवाली बाई? तुम्हाले नाही म्हणता येणार नाही, बाबा. मी ओळखते तुम्हाले."

अर्जुनराव खरोखरच विचारात पडले. हॉलभर लोकांना नाही म्हणून आले होते, पण ते माईक होता म्हणून. समोर माणूस उभा राहिला तर त्यांना ते जमणार नव्हतं, आणि आज तरी लेकीशी खोटं बोलायचं नव्हतं.

"नाई जमणार," ते म्हणाले. "मी उठीन. तू बसून राहजो."